नानांचा हात कोण हलवतं

असुओसो गावात लग्न असो, मयत असो, जमिनीचं भांडण असो, नाना न्यार्कोंच्या हाताशिवाय काही सुरू होत नसे. पूर्वजांसाठी जमिनीवर ओतायला पेल्यात श्नॅप्स, ती कडक विलायती दारू, घेऊन नाना अंगणाच्या मधोमध उभे राहायचे आणि पेला थरथरायला लागला की बायका पोरांच्या तोंडावर हात ठेवायच्या. "आले बरं का," कुणीतरी पुटपुटायचं. पुरुष खांद्यावरचं वस्त्र अदबीनं खाली घ्यायचे. आले म्हणजे पूर्वज आले. नानांसारख्या धट्ट्याकट्ट्या माणसाचा हात दुसरं कोण हलवणार?

ही थरथर काही जन्मापासूनची नव्हती. तीनेक वर्षांपूर्वी एका लाकूडव्यापाऱ्याच्या मयताला नानांनी सकाळी सकाळी पेला उचलला, आणि जमिनीवर पडायच्या आधीच निम्मी श्नॅप्स त्यांच्या मनगटावरून ओघळली. नाना स्वतःच चपापले. पण मेलेल्याच्या बहिणीनं हंबरडा फोडला, "दादा आला गं! दादानंच हात धरलाय नानांचा!" आणि सगळं अंगण रडायला लागलं. त्या दिवसापासून नानांचा भाव वधारला. आजूबाजूच्या चार गावांतून बोलावणी यायला लागली.

नानांनीही ते मान्य करून टाकलं. आपल्याविषयीची चांगली गोष्ट माणूस चटकन मान्य करतो, त्याला पुरावा लागत नाही. फक्त काही बारीकसारीक गोष्टींचा उलगडा त्यांना होत नसे. पूर्वज सकाळीच का येतात? कार्य नसलं तरी का येतात? दाढी करताना वस्तरा गालाला लावला की यायचे, सदऱ्याची बटणं लावायला घेतली की यायचे. नानांच्या बटणांशी पूर्वजांना काय देणंघेणं? आणि दोन पेले पोटात गेले की लगेच निघून कसे जातात? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नानांनी शोधून ठेवलं होतं: पाहुणे खाऊनपिऊन तृप्त झाले की घरी जातातच. उत्तर चांगलं होतं. तरी ते रोज सकाळी स्वतःला एकदा सांगावं लागायचं.

दारुडा हा शब्द नानांच्या आसपासही फिरकत नव्हता. त्यांनी जन्मात कधी बाटली विकत घेतली नव्हती. बाटलीच चालत यायची. मुलीला मागणी घालायला येणारे दार ठोठावायची बाटली आणायचे, भांडण मिटलं की साक्षीची बाटली यायची, चूक कबूल करायची तर माफीची. नुसतं "नाना, बरे आहात ना" विचारायला आलेला माणूससुद्धा काखेत हिरवी चौकोनी बाटली घेऊन यायचा. ती नाकारली तर आणणाऱ्याचा अपमान. शिवाय पहिला थेंब जमिनीला, पूर्वजांना, हा नेम नानांनी घरातही कधी चुकवला नव्हता. आणि मुख्य म्हणजे गावात अन्सू शिंपी होता. अन्सू बाजारामागच्या गटारात झोपायचा, अक्पेतेशीच्या, म्हणजे गावठी दारूच्या, गुत्त्यासमोर लहान पोरासारखा रडायचा, एकदा तर विजार हरवून घरी गेला होता. दारुडा म्हणजे अन्सू. त्याच्या शेजारून जाताना नाना च्च करायचे आणि मनातून त्यांना बरं वाटायचं.

असं सगळं सुरळीत चाललं असताना एका बुधवारी नानांच्या मुलाला, बेकोएला, मुलगी झाली.

मूल आठ दिवसांचं होईपर्यंत पाहुणं असतं. राहायचं की आल्या वाटेनं परत जायचं हे त्याचं ठरत नाही, म्हणून त्याला नावही नाही आणि अंगणही नाही. आठव्या दिवशी पहाटे बापाच्या घरातलं वडीलधारं माणूस त्याला मांडीवर घेतं, पाण्यात आणि मग दारूत बोट बुडवून त्याच्या जिभेला लावतं, जे असेल त्याला तेच म्हणायला सांगतं आणि नाव ठेवतं. ज्याचं बोट, त्याचा स्वभाव मुलात उतरतो, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून लोक बोट पारखून घेतात. चाळीस वर्षांत नानांच्या बोटानं दोनशेवर मुलांना नावं दिली होती आणि त्यांतलं एकही चोर निघालं नाही, असं नाना सांगायचे. एक निघाला होता, पण तो लांब कुमासी शहरात पकडला गेल्यामुळे नाना त्याला धरत नसत.

पण ही परक्याची पोर नव्हती. हिला नानांच्या आईचं नाव द्यायचं ठरलं होतं, अफ्राकोमा. नानांची आई कुणाला भ्याली नव्हती आणि कुणाशी खोटं बोलली नव्हती. तिचं नाव आणि आपलं बोट असं दोन्ही मिळून पोरीत काय उतरेल याची चित्रं नाना म्हातारपणी लहान मुलासारखी रंगवत बसले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते नात बघायला आतल्या खोलीत गेले. सून विडा नुकतीच अंग शेकून बसली होती. तिनं हसत बाळ त्यांच्या हातांवर ठेवलं. आणि नानांचे हात हलायला लागले. थोडे नाही, चांगले हलायला लागले. बाळाचं डोकं चाळणीतल्या दाण्यासारखं इकडून तिकडे गेलं, दुपट्यातून एक खांदा बाहेर आला आणि पोर घसरायला लागली. विडानं झडप घालून तिला धरलं.

बाळ झोपेतच होतं.

"काय झालं, नाना?"

"काही नाही. पूर्वज आलेत. नात बघायला आलेत."

विडाचं बाजारात केस विणायचं दुकान होतं, दिवसभर बायकांच्या गप्पा ऐकून तिच्या जिभेला चांगली धार लागलेली होती. पण आत्ता तिचा चेहरा उतरला होता. "मग त्यांना सांगा, लांबून बघा म्हणावं. पोर पडली असती माझी."

"पूर्वज कधी मूल पाडतील का? वेडी आहेस."

"मीही तेच म्हणतेय," विडा म्हणाली आणि तिनं बाळाला भिंतीच्या बाजूला निजवलं.

नाना बाहेर येऊन आंब्याखाली बसले. सुनेचा राग त्यांना आलाच नाही, कारण ती म्हणाली ते खरं होतं. पूर्वजांनीच पोरगी पाठवलेली, तेच तिला कसे पाडतील? आणि पूर्वज नव्हते, तर हात कुणी हलवला? नानांनी उजवा हात डोळ्यांसमोर धरला. जणू दुसऱ्याच कुणाचा असावा तसा तो हलत होता. त्यांना पहिल्यांदा त्या हाताची भीती वाटली.

नाना मूळचे न्यायनिवाडा करणारे. त्यांनी स्वतःपुरता एक निवाडा लावला. बारशापर्यंत थेंब घ्यायचा नाही. हात थांबला तर दोष दारूचा, नाही थांबला तर पूर्वजांचा. इतकं सरळ आहे, मग घाबरायचं कशाला? त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. त्याच दुपारी मागणी घालायला आलेल्यांची बाटली त्यांनी ओठांना नुसती लावली आणि पुढे सरकवली. पाहुण्यांना वाटलं, आपलं स्थळ पसंत नाही.

शनिवारी नानांना घामानं अंघोळ झाली. कुटलेल्या कंदांच्या फुफूचा गोळा घशाखाली उतरेना. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. हात तर आता पेला सोडा, काठीही धरीना. आणि रविवारी, लोक चर्चमधून परतायच्या वेळेला, भर उन्हात, नानांनी बायकोला हाक मारली, "पोकुआ, झाडू आण! भिंत बघ केवढी भरलीय मुंग्यांनी!"

पोकुआ झाडू घेऊन आली. तिनं भिंत बघितली, मग नवऱ्याकडे बघितलं. "कुठायत मुंग्या?"

"या काय! लाल! छपराकडे चालल्यात!"

पोकुआनं भिंतीवरून हात फिरवला आणि कोरडा तळहात त्यांना दाखवला. मुंग्या मात्र चालतच राहिल्या.

"दोन दिवस झाले, तुम्ही त्यांचा पेला बंद केलाय," पोकुआ खालच्या आवाजात म्हणाली. "मला काय दिसत नाही होय? रागावलेत ते. अहो, कशाला ताणताय? घ्या एवढा." तिनं पेला भरला, पहिला थेंब स्वतःच्या हातानं जमिनीवर सोडला आणि पेला नवऱ्याच्या ओठांना लावला, कारण त्यांना तो धरता येत नव्हता. मग दुसरा. थोड्या वेळानं मुंग्या विरळ झाल्या, घाम निवला आणि हात मांडीवर शहाण्यासारखा पडून राहिला.

म्हणजे निकाल लागला. दारू सोडली तर थरथर वाढली, घेतली तर थांबली. दारू निर्दोष होती आणि पूर्वज नाराज होते. नानांनी निकाल मनात दोनदा वाचून काढला. दोन्ही वेळा बरोबर वाटला. तरीही विडानं बाळाला भिंतीकडे निजवलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

सोमवारी सकाळी एक पेला पिऊन, सदऱ्याची बटणं नीट लावून, नाना आरोग्यकेंद्रात गेले. तिथली नर्स, सिस्टर लेटिशिया, याच गावची. तिच्या आजोबांच्या मयताला नानांनीच पेला ओतला होता.

"माझा एक मित्र आहे," नाना म्हणाले.

सिस्टरनं वहीतून मान वर केली नाही. "बरं. काय होतंय मित्राला?"

"सकाळी हात थरथरतो."

"आणि घेतली की थांबतो."

नाना दचकले. घेण्याबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. "हो, म्हणजे, असं म्हणाला तो."

"सोडून बघितली का त्यानं?"

"बघितली ना! दोन दिवस. उलट वाढलं. घाम काय, झोप नाही, भिंतीवर मुंग्या. आता तूच सांग, दारूचा दोष असता तर सोडल्यावर कमी व्हायला नको? सगळा घोळ इथंच आहे."

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. "मुंग्या दिसल्या, नाना?"

"मित्राला."

"मित्राला सांगा, नशीब थोर म्हणून मुंग्यांवर निभावलं. अंगाला तिची इतकी सवय लागते की ती मिळाली नाही तर अंग ओरडायला लागतं. हात थरथरतो ते ओरडणंच. पेला मिळाला की गप्प बसतं. गप्प बसलं म्हणजे बरं झालं असं नाही. आणि एकदम तोडली तर झटके येतात, माणूस जातो. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. म्हणावं, एकट्यानं सोडू नको."

"म्हणजे सोडायची नाही?"

"सोडायची."

"आत्ताच म्हणालीस सोडू नको!"

"एकट्यानं नको म्हणाले. दर बुधवारी नऊ वाजता आमची गाडी मोठ्या इस्पितळात जाते. तिथं दहा-बारा दिवस ठेवून, औषध देऊन सोडवतात. तोपर्यंत एकदम बंद नको आणि रोजच्याहून जास्तही नको."

नानांचं डोकं गरगरलं. घ्यायची, पण सोडायची. सोडायची, पण आत्ता नाही. पंचायतीत असा निवाडा कुणी दिला असता तर नानांनी त्याला घरी पाठवला असता.

"आणि पूर्वज?" त्यांनी एकदाचं विचारलं.

सिस्टर जराशी हसली, पण टिंगलीनं नाही. "पूर्वजांचं मला काय कळतंय? माझ्या आजोबांना निरोप तुम्हीच दिलात, तेव्हा मीही रडले होते. पण ते फक्त न्याहारीच्या आधी येतात का, नाना?" मग ती म्हणाली, "मित्राचं नाव काय लिहू?"

नानांना जे पहिलं सुचलं ते त्यांनी सांगून टाकलं. "अन्सू. शिंपी."

"अन्सू?" सिस्टरच्या भुवया वर गेल्या. "अन्सू गेल्याच महिन्यात जाऊन आला की. पाच आठवडे झाले, थेंब घेतलेला नाही. कुठल्या अन्सूबद्दल बोलताय?"

नाना उठले. उठताना खुर्ची पडली ती त्यांनी उचलली नाही.

बाहेर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, खरंच, अन्सू बरेच दिवस गटारात दिसला नव्हता. नाना त्याला शोधत बाजारात गेले. अन्सू आपल्या मशीनपुढे बसून सुईत दोरा ओवत होता. नाना बघत राहिले. पहिल्याच झटक्यात दोरा सुईतून आरपार गेला. नानांना त्या दोऱ्याचा हेवा वाटला, इतका हेवा त्यांना कुणाच्या शेताचा किंवा घराचाही कधी वाटला नव्हता.

"या या, नाना! नातीच्या बारशाला सदरा शिवायचाय का?"

"कशी काय सोडलीस रे?" नानांनी एकदम विचारलं.

अन्सूनं दोन्ही बाजूंना बघून घेतलं. "खरं सांगू? तुमच्यामुळे उशीर झाला."

"माझ्यामुळे?"

"रागावू नका. पण बायको बोलायला लागली की मी म्हणायचो, नाना न्यार्को सकाळपासून घेतात, त्यांचा हातही माझ्यासारखाच हलतो, त्यांना कुणी बोलतं का? सगळं गाव पाया पडतं. मग मला कशाला बोलतेस? दोन वर्षं मी तुमच्या नावावर काढली बघा." अन्सू मोकळेपणानं हसला. त्याला कुठं माहीत होतं की नानांनीही तेवढीच वर्षं त्याच्या नावावर काढली होती.

नाना घरी आले. मंगळवारभर ते आंब्याखाली बसून राहिले. सिस्टर खरं बोलत असेल, तर तीन वर्षं लोक कुणापुढे वस्त्र खाली घेत होते? त्या लाकूडव्यापाऱ्याच्या बहिणीनं कुणाचा हात बघून टाहो फोडला होता? आणि सिस्टर चुकत असेल, तर बापजाद्यांवर संशय घेणारा आपण कोण? एका बाजूला बसावं तर दुसरी बाजू ओढायची. एक गोष्ट मात्र कुठल्याही बाजूनं बघितली तरी तशीच राहायची. उद्या पहाटे आपलं बोट त्या पोरीच्या जिभेला लागणार, आणि आपल्यात जे काय आहे ते तिच्यात उतरणार.

बुधवारी उजाडायच्या आधी पोकुआ पेला घेऊन खोलीत आली. "घ्या. बाळ मांडीवर घ्यायचंय ना?"

"बाहेर घेईन," नाना म्हणाले.

अंगण पांढऱ्या वस्त्रांनी भरलं होतं. धुळकट थंड वारा सुटला होता. मधोमध स्टूल, बाजूच्या टेबलावर पाण्याचा एक पेला, श्नॅप्सचा एक पेला आणि अर्धी भरलेली बाटली. नाना टेबलापाशी आले. त्यांनी हात पुढे केला आणि तो जोरात हलायला लागला. "आले," मागून कुणीतरी म्हणालं. पुरुषांची वस्त्रं खाली आली. बेकोएनं बाळ पुढे केलं.

"थांब," नाना म्हणाले. "तिला विडाकडे दे."

त्यांनी दोन्ही हातांनी श्नॅप्सचा पेला उचलला. आता पहिला थेंब जमिनीवर पडणार म्हणून सगळे खाली बघत होते. नानांनी थेंब सांडला नाही. पेला तोंडाला लावला आणि घटाघटा संपवला.

अंगणातून एकदम श्वास ओढल्याचा आवाज आला. पूर्वजांच्या आधी! नानांनी बाटली उचलली. बाटलीचं तोंड पेल्यावर टकटक वाजत होतं. त्यांनी दुसरा पेला भरला आणि तोही तसाच संपवला, जमिनीला काही न देता. मग ते स्टुलावर बसले आणि उजवा हात सगळ्यांसमोर लांब धरला.

"बघा," ते म्हणाले. "कुणी जाऊ नका."

कुणी गेलं नाही. काय चाललंय हे कुणालाच कळत नव्हतं, त्यामुळे जायचं तरी कसं? नानांचा हात हलत होता आणि सगळं गाव त्या हाताकडे बघत होतं. आकाश उजळलं. एक म्हातारी खोकली. बराच वेळ गेला, आणि हळूहळू हात मंदावला, आणखी मंदावला, आणि पूर्ण थांबला. दोरीवर वाळत घातलेला सदरा वारा पडल्यावर थांबावा तसा.

"पूर्वजांना मी थेंबही दिलेला नाही," नाना म्हणाले. "सगळी मी प्यायलो. मग शांत कोण झालं?"

मग मागच्या रांगेतला एक म्हातारा रागानं म्हणाला, "अपमान करून घेतल्यावर ते कशाला थांबतील? रागावून गेले!"

क्षणभर नानांनाही ते पटलं. त्यांनी मान हलवली. "गेले असतील बाबा. मला सगळं कळलंय असं मी म्हणत नाही. डोकं भणभणतंय माझं. पण तीन वर्षं झाली, या हाताला सकाळी दारू लागते, आणि मी तुम्हाला पूर्वज म्हणून सांगत आलो. आज नऊच्या गाडीनं मी सिस्टरबरोबर जाणार आहे."

लाजेनं त्यांना मान वर करवेना. बेकोए पुढे आला. पोरगा बापासारखाच, घोळात पडला की कामाला लागणारा. "ठीक आहे, नाना. जाऊ या आपण. मीही येतो. पण आता तरी हात थांबलाय ना? मग घ्या तिला. लोक खोळंबलेत."

"थांबलाय म्हणूनच नको," नाना म्हणाले. "तो कशानं थांबलाय ते आत्ता बघितलंस ना? तसलं बोट तिच्या जिभेला लावू होय? पोकुआ, तू घे. तुझं बोट लाव."

"मी?" पोकुआ दोन पावलं मागे सरली. "मी काय करू? मला नाही येत."

"चाळीस वर्षं माझ्या शेजारी उभी आहेस. येतं तुला."

विडानं सासूच्या हाताला धरून तिला स्टुलावर बसवलं, बाळाला मांडीवर ठेवलं आणि रिकाम्या पेल्यात थोडी श्नॅप्स ओतली. पोकुआनं पाण्यात बोट बुडवलं आणि बाळाच्या ओठांना लावलं. "अफ्राकोमा," ती म्हणाली, "पाणी असेल तर पाणी म्हण." तीन वेळा बोट, तीन वेळा वाक्य, जशी रीत. बाळानं ओठ चाटले. बायका हसल्या, सगळ्यांना जरा हायसं वाटलं.

मग पोकुआनं दुसऱ्या पेल्यात बोट बुडवलं. "दारू असेल तर दारू म्हण." बाळानं तोंड वाकडं केलं. पोकुआनं पुन्हा बोट बुडवलं. "दारू असेल," ती म्हणाली आणि थांबली. "दारू असेल तर दारू..." रोज सकाळी पेला घेऊन खोलीत जाणारी तीच होती. पहिला थेंब जमिनीवर सोडून, घ्या अहो, म्हणणारी तीच होती. कसंबसं तिनं दुसऱ्यांदा वाक्य पुरं केलं आणि मग तिचे खांदे हलायला लागले. ओलं बोट तसंच हवेत राहिलं. तिसऱ्यांदा म्हणायचं राहिलं होतं आणि लोक वाट बघत होते.

नाना तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी बाळाला हात लावला नाही, बायकोच्या खांद्यावर ठेवला, आणि तिसऱ्यांदा दोघं मिळून म्हणाले.